दगडावर दगड

दुसरी मोठी लढाई संपल्यावर औंधला यमाईच्या डोंगरावर एक माणूस रोज दिसायचा. अंगात पलटणीचा विटका कोट. वर पोचला की दम न खाता दगडावर दगड रचत बसायचा. आमच्याकडं घर व्हावं म्हणून लोक देवीजवळ असे दगड रचतात.

एकदा मला राहवेना. विचारलं, "घर बांधायचंय का?"

"घर हाय की," तो हसला. "लढाईत दुश्मनाच्या कैदेतनं पळून बर्फाच्या मुलखात गेलतो. तळ्याकाठी गाव, भवतीनं डोंगरच डोंगर. रोज एक चढायचो, वर दगड रचायचो. म्हनायचो, आई, मला घरी ने. तिनं आणलं."

"मग आता काय मागता?"

त्यानं शेवटचा दगड कोटाला पुसून अलगद ठेवला. खाली नुसता कोरडा माळ होता.

"आता म्हनतो, आई, एकडाव ते तळं दाव."