कावळा आला नाही, ॲटलस पतंग आला

मंडळी, आज पितृपक्षातली आईची तिथी होती. वागळे इस्टेटच्या मागे, डोंगराला लागूनच आमची बिल्डिंग. गच्चीवर पान ठेवून बाबा आणि मी तासभर कावळ्याची वाट बघत बसलेलो. 'बाबांना नीट सांभाळीन' असं मनातल्या मनात कबूलही करून झालं. एकही कावळा फिरकला नाही.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीवर लक्ष गेलं. तळहाताहून मोठा, तांबूस पतंग पंख पसरून शांत बसलेला. पंखांवर आरपार दिसणाऱ्या छोट्या खिडक्या. ॲटलस पतंग! येऊरच्या जंगलातूनच आला असणार.

बाबांनी हळूच खिरीची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "आली बघ."

आणि मी शहाणी बोलून गेले, "बाबा, याला खायला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लं तेवढंच. आता आठवडाभर जगला तरी खूप."

बाबांची नजर पतंगावरून हलली नाही. "अगं, तीही शेवटी कुठे काही खात होती? तरी मी रोज वाटी नेऊन ठेवायचोच ना."

वाटी तिथेच राहू दिली. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं गच्चीवर होतो.

तुमच्याकडे कावळा आला नाही, तर कोण येतं?