तुळसाबाईचा मोजा

मिशनच्या पाहुणेघरात तुळसाबाईनं एकोणीस वर्षं पोळ्या लाटल्या. बाई जरीपटका भागाच्या मागच्या वस्तीतली, घरात बुद्धाचा फोटो. पण येशूच्या गोष्टी ऐकून ऐकून तोंडपाठ. दर हिवाळ्यात परदेशातून दहा दिवसांसाठी सेवेला मंडळी यायची. यंदा कॅनडाची बावीस माणसं आली होती. ती खापरखेड्याच्या वसाहतीत शाळेच्या भिंती रंगवायची, पोरांना गाणी शिकवायची आणि संध्याकाळी दमून यायची. त्यांची सेवा दहा दिवसांची. त्या सेवेकऱ्यांना दोन वेळा गरम जेवू घालणारीची सेवा कोण मोजतो!

आज शेवटचा दिवस होता आणि तुळसाबाई पार थकली होती. तिच्या उजव्या तळव्याला महिनाभरापासून जखम होती. शुगरचा पाय, भरेना. वर कापडाची पट्टी, त्यावर जाड मोजा. दवाखान्यात जायचं तर रोज पट्टी बदलायला या म्हणणार, म्हणजे रोज सुट्टी. आणि गेल्याच आठवड्यात पाहुणेघराचा व्यवस्थापक सुशील म्हणाला होता, "मावशी, तुम्ही पाय ओढून राहिल्या. पाहुणे जाऊ द्या, मग बसून बोलू." मागे भांडी घासणाऱ्या बाईलाही असंच बसवून बोलले होते, हे तुळसाबाईला ठाऊक होतं. ती बाई पुन्हा दिसली नाही. म्हणून मोजा निघता कामा नये, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

पाहुण्यांत डोरिस नावाची एक म्हातारी होती. तिला फार चालवत नसे, म्हणून ती दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मटार सोलत बसायची. चहा बिनसाखरेचा घ्यायची. स्वभावानं गोड, पण जोडे काही काढायची नाही! तुळसाबाई रोज पुटपुटायची, "अवं माय, चुलीपर्यंत जोडे! हिच्या मायनं काही शिकवलं नाही का?" डोरिस हसून मान डोलवायची आणि आणखी चार शेंगा सोलायची.

दुपारी सुशीलनं सगळ्या नोकरांना हॉलमध्ये बोलावलं. जाण्याआधी पाहुणे त्यांचे पाय धुणार होते. येशूनं शिष्यांचे धुतले, तसे. बातमी सकाळीच फुटली होती आणि नळावर झुंबड उडाली होती. चौकीदार वसंतनं दगडानं टाचा घासून रक्त काढलं. झाडणारीनं साबण लावून दोनदा धुतले. "पाव्हण्याले मळके पाय देईन का मी?" ती म्हणाली. धुवायला द्यायचे पाय आधी धुवून आणायचे, ही अक्कल आपल्याकडेच! तुळसाबाई तेवढी नळावर गेली नाही.

खुर्च्यांची रांग, पुढे टब. डोरिसनं तुळसाबाईच निवडली. ती टॉवेल घेऊन समोर आली, तसे तुळसाबाईनं पाय खुर्चीखाली ओढले.

"नाही, नाही. पाव्हण्याचे पाय आपण धुवाचे. आधी मी बाईचे धुईन."

सुशीलनं ते इंग्रजीत सांगितलं आणि वर भर घातली की येशूच्या शिष्यानंही आधी असंच नाही म्हटलं होतं. बाईची नम्रता बघा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. सुशीलनं फोटो घ्यायला फोन काढला. वाचले बाई, असं तुळसाबाईच्या मनात आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

डोरिस मात्र घुटमळली. मग खुर्चीत बसली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तिनं जोडे काढले.

तुळसाबाईनं टबाशी उकिडवं बसून तिचा डावा पाय पाण्यात धरला आणि बोटं चोळायला गेली. हात थांबला. अंगठा नव्हता. शेजारचं बोटही नव्हतं. तिथं नुसती गुळगुळीत, ताणलेली कातडी होती.

"शुगर," डोरिस म्हणाली. त्या शब्दाला दुभाषी लागला नाही. मग तिनं वाकून तुळसाबाईच्या मोज्याकडे बोट दाखवलं. तळव्याशी पिवळसर डाग ओला झाला होता. दहा दिवस मटार सोलता सोलता तिनं तो लंगडा पाय पाहिला होता तर!

तुळसाबाईनं वर पाहिलं. सुशील फोन धरून उभा होता. नोकरी त्या हातात होती. आणि आपल्या हातात हा तीन बोटांचा पाय. ती खाली फरशीवरच बसली आणि मोजा ओढला. तो जखमेला चिकटला होता. निघताना ती कळवळली. वास आला, तशी शेजारची झाडणारी "अगं बाई!" म्हणून मागे सरली.

सुशीलनं फोन खाली केला. "मावशी, काहून सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं त तू मले दवाखान्यात पाठवलं असतं का घरी?"

त्यानं त्या पायाकडे पाहिलं, मग खिशातून गाडीची किल्ली काढून तो म्हणाला, "चला, दवाखान्यात." कामाचं काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. डोरिसनं तिचा एक दंड धरला, वसंतनं दुसरा. दारापाशी तुळसाबाई थांबली, बावीस जणांकडे वळून पाहिलं आणि सुशीलला म्हणाली, "कणीक भिजवून ठेवली आहे. यायले म्हण, आज पोळ्या लाटा तुमच्या तुम्ही."