फळीखालचा आवाज

भुताखेतांचा विषय निघाला की मी हसून चहा टाकायला उठते. माहेरी बुद्धवंदना, बाबा पक्के चिकित्सक... असल्या गोष्टींना आमच्याकडे थाराच नव्हता. तरी हे लिहितेय, कारण ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे.

नव्वदचं दशक. बाबांची नागपूरहून लखनौला बदली झालेली, घर अलीगंजमध्ये. माझी शाळा बॅप्टिस्ट चर्चची, इवलीशी — आमचा पाचवीचा वर्ग चर्चच्या हॉलमध्येच भरायचा. स्टेजच्या फळ्यांखाली बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा देताना पाण्यात बुडवतात ती, टाकी होती. माणूस पुरता बुडेल एवढी, पण एरवी कोरडी.

माझ्या बाकावर ग्रेस बसायची. ख्रिसमसच्या कार्यक्रमात एकटीनं गायचा मान दरवर्षी तिचाच. माझ्या पोटात नुसतं दुखायचं! त्यात एकदा आई म्हणाली, "किती गोड गाते गं ती पोर!" त्या दिवशी मी जेवलेच नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हॉल झाडायची पाळी माझी होती. एक फळी सैल होती. ती उचलून मी टाकीत वाकले आणि म्हणाले, "ग्रेस की आवाज़ बंद हो जाए." मग फळी नीट बसवून टाकली.

दुसऱ्या दिवशी ग्रेस मफलर गुंडाळून आली. आवाज पार बसलेला! मिस मला म्हणाल्या, "बेटा, तुम्हें गाना याद है न? तुम गा दो." मला आनंद लपवता येईना.

बाबांनी समोर टेपरेकॉर्डर लावला. मी नेमकी त्याच फळीवर उभी. गाण्याचं पुस्तक तोंडापुढे धरलं, सुरुवात केली... आणि आवाज ग्रेसचा! ओळ संपताना ती घ्यायची तो श्वाससुद्धा तसाच. घाबरून मी तोंड मिटलं — गाणं थांबलंच नाही. माझ्या पायाखालून चालू राहिलं. पहिल्या रांगेत ग्रेस, ओठ मिटलेले, फळ्यांकडे बघत रडत होती.

टाळ्या खूप पडल्या. आई म्हणाली, "अगदी ग्रेससारखी गायलीस गं!"

दोन दिवसांत ग्रेसचा आवाज परत आला. मी फळी उचलून पाहिली, टाकी कोरडीच होती. आवाज माझा वाटत नव्हता, असं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "अगं, पोकळ जागेत आवाज घुमतो, वेगळा वाटतो." तोंड मिटल्याचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या टाळ्या ग्रेसला द्याव्या लागल्या असत्या.

उलगडा आजवर झालेला नाही. मागच्या महिन्यात लेकीनं कॅसेट ऐकली. "मम्मी, ये कौन गा रहा है? कितना अच्छा!"

मी म्हटलं, "मीच."