चालता वाडा

मेंढरांच्या सौद्यात मी एखाद्या मेंढीचं वय कमी सांगितलं असेल. बाजारात ते चालतं. पण माझ्या भाचीला ज्यानं खोटारडी ठरवलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा तिचे सख्खे भाऊ कोयते घेऊन मागं लागले. दोघं महिनाभर माझ्याजवळ लपली. पुण्यात गेली, तर भाऊ तिथंही पोचले. शेवटी परदेशात जाऊन त्यांनी आसऱ्याचा व्हिसा मागितला. मुलाखत झाली आणि अर्ज नाकारला. परत आली असती तर काय झालं असतं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

जावयानं व्हिडिओ कॉलवर निकाल वाचला. "मामा, यात लिहिलंय की अर्जदार आधी म्हणते हवेली निरगुडसरला होती, मग म्हणते येडगावला. म्हणून विश्वास बसत नाही."

"कुणाची हवेली?"

"तुमची."

मी शेताच्या बांधावर बसलो होतो. समोर जाळीत मेंढरं, पलीकडं दोन पालं, तीन दगडांच्या चुलीवर बायकोच्या भाकरी. फोन फिरवून सगळं दाखवलं. "बघा राव, ही हवेली. दिवाणखान्यात कोकरू मुतलंय."

रडता रडता भाची हसायला लागली. मुलाखतीत ती म्हणाली होती, 'मामाच्या वाड्यावर लपलो.' आम्हा धनगरांचा वाडा म्हणजे माणसं, मेंढरं, घोडं आणि कोंबड्यांची खुराडी. चारा संपला की वाडा उठतो आणि पुढच्या गावात जाऊन बसतो. दुभाषा शहरातला. त्याचा वाडा दगडी जोत्याचा, जागचा न हलणारा.

कोर्टात अपील केलं. तिथल्या वकीलबाईंनी आधीच बजावलं, कोर्ट व्हिसा देत नाही, सुनावणी नीट झाली का एवढंच बघतं.

"नाय झाली नीट! त्येच सांगतोय मघापासून," मी ओरडलो.

जावई म्हणाला, "मामा, बाई विचारतात, हे माझ्यावर का चिडलेत? मी तर यांच्याच बाजूची आहे."

कोर्टानं मुलाखतीचं रेकॉर्डिंग तपासून घेतलं, आधीचा निकाल मोडला आणि पुन्हा ऐकायला सांगितलं. या वेळी मी फोनवर साक्षीदार होतो. साहेब नवे, दुभाषी बाई सोलापूरकडची.

"तुमचा वाडा आत्ता कुठं आहे?"

"येडगावला. पण साहेब, लौकर लिवून घ्या. परवा उठतोय."

बाई आधी हसल्या, मग त्यांनी साहेबांना सांगितलं, मग साहेब हसले. ते उशिरा आलेलं हसू मला अजून ऐकू येतं.

व्हिसा मिळाला. त्या दिवशी अख्ख्या वाड्याला पुरणपोळी झाली, कुत्र्यांनासुद्धा. नव्या निकालात 'वाडा' हा शब्द तसाच ठेवलाय म्हणे. पहिल्या साहेबाचं माफीचं पत्र तेवढं आलेलं नाही. कुठल्या पत्त्यावर पाठवावं, हे त्याला कळलं नसेल.