टिटवीसाठी मांडलेला उतारा

सकाळचे डबे भरून झाले की संयोगिताला घरात शोधायचं नाही, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. गळ्यात दुर्बीण अडकवायची, पायात जुने बूट चढवायचे आणि चिंचतळ्याची वाट धरायची. शहराच्या टोकाला ते तळं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती आणि मधे मुरमाचा उघडा माळ. प्राणिशास्त्रात पहिला वर्ग मिळवला त्याच साली तिचं लग्न ठरलं. पुढचं शिक्षण सासरी होईल असं सगळे म्हणाले होते. ते झालं नाही. पदवी कपाटात गेली, दुर्बीण तेवढी बाहेर राहिली.

"आमच्या हिला माणसांपेक्षा पाखरं जवळची," तिचे यजमान हंबीरराव पाहुण्यांपुढं हमखास म्हणायचे. "माझा वाढदिवस विसरंल, पण बदकं कवा आली न् कवा गेली, इचारा की!"

पाहुणे हसायचे. तीही हसायची. कॉलनीतल्या बायका पाठीमागं तिला टिटवीकाकू म्हणतात, हेही तिच्या कानावर आलं होतं. नाव काही वाईट नव्हतं.

त्या फाल्गुनात थंडीतली बदकं उत्तरेला निघून गेली होती. पाण्यावर हळदीकुंकू बदकांची एक जोडी काय ती उरलेली. टिबुकल्यांच्या मानेला तांबूस रंग चढला होता, बांधावरच्या पांगाऱ्यावर साळुंक्यांची भांडणं लागली होती. आणि माळावर, गाड्या जातात त्या चाकोरीपासून दहा पावलांवर, टिटवीनं अंडी घातली होती. घरटं म्हणजे काय, मुरमात जरासा खळगा. चार अंडी, टोकं आत वळवून मांडलेली, खड्यांच्याच रंगाची. दुपारी ऊन तापलं की टिटवी पाण्यावर जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि येऊन अंड्यांवर बसायची. संयोगिता तासन् तास ते बघत राहायची.

काळजी एकच होती, रंगपंचमीची. त्या दिवशी तालमीची पोरं ट्रॅक्टर, टँकर आणि भिंतीएवढे स्पीकर घेऊन त्याच माळावर उतरायची. गेल्या साली तिनं हात जोडून सांगितलं होतं, बाबांनो, इथं अंडी आहेत. "व्हय काकू, बघतो की!" पोरं म्हणाली होती. संध्याकाळी जाऊन बघते तर चाकाखाली सगळं सपाट, आणि टिटवी त्या चाकाच्या खुणेवर बसलेली.

यंदा हात जोडायचे नाहीत, असं तिनं ठरवलं. रंगपंचमीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती माळावर गेली. घरट्यापासून थोडं अलीकडं, चाकोरीच्या तोंडाशीच, पत्रावळ मांडली. त्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू, ट्रकला टांगतात तसली काळी बाहुली, वर हळद आणि कुंकू. उताऱ्यात दहीभात लागतो, पण तो तिनं मुद्दाम टाळला. वासानं कुत्री आली असती. कुत्र्यांचा विचार तिनं केला, माणसांचा नाही केला. परत येताना तिला स्वतःचंच हसू येत होतं. प्राणिशास्त्र, पहिला वर्ग!

मात्रा लागू पडली. ट्रॅक्टर माळाच्या तोंडाशी येऊन थांबला. ऊन चढल्यावर ती पुन्हा तळ्यावर आली होती, चिंचेखाली उभं राहून ऐकत होती.

"ए, फुडं घालू नगंस! कुणीतरी उतारा टाकलाय तितं."

"आयला, भावली बी हाय की!"

"वळीव, वळीव. पलीकडं बांधाकडं घे."

अख्खी रंगपंचमी पलीकडच्या बांधाकडं सरकली. दिवसभर टिटवी अंड्यांवर बसून राहिली. संयोगितानं घरी जाऊन शिरा केला. हंबीररावांनी विचारलं, आज कसला सण? ती म्हणाली, असाच.

त्याच दुपारी बांधावरच्या ओल्या दगडांवरून तालमीच्या आकाराम वस्तादाचा धाकटा मुलगा घसरला आणि त्याचा पाय मांडीत मोडला.

दोन दिवसांनी शेजारची महादेवी दारात उभी राहिली. माहेर सीमेकडचं, बातमी सांगायची तर आधी छातीला हात लावायची. "यव्वा, काकू, ऐकलासा काय? त्या बया म्हशीवालीनं करणी केलीया!"

"कुणी?"

"बयाबाई हो, कट्ट्यावरची. म्हशी पाण्यात सोडण्यावरनं तिचं न् वस्तादाचं भांडण झालतं न्हवं? तळ्यावर उतारा घावला, आन त्याच दिशी पोराचा पाय गेला. रोज पाटंचं त्या वाटंनं तीच जाती. दुसरं कोण जातंय तिकडं?"

"मी जाते की."

महादेवी खो खो हसली. "तुमी व्हय! तुमी पाखरं बघाया जातासा."

बयाबाईला संयोगिता ओळखत होती, म्हणजे रोज बघत होती. साठीची, वाळकी, डोईवर पदर, हातात बाभळीची काठी, मागं एकच म्हैस. पोटी मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. संध्याकाळी चौकातल्या दूधकट्ट्यावर म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढून द्यायची. तालमीची पोरं तिच्याच म्हशीचं दूध प्यायची, फेसासकट. बयाबाईचं पोट त्या धारेवर चालायचं.

रात्री जेवताना संयोगितानं हंबीररावांना सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"येडी हाईस काय? कायदा हाय आता त्याला. कुणापाशी बोलू नगंस."

"पण ती म्हातारी..."

"चार दिवस बोलतील आन इसरतील."

ती गप्प बसली ती मात्र नवऱ्याच्या धाकानं नव्हे. अंडी अजून उबवून व्हायची होती. आज खरं सांगितलं तर उद्या पोरं माळावर गाड्या घालतील. पिल्लं एकदा निघाली की टिटवी त्यांना पाण्याच्या कडेला नेते. मग सांगू. असं तिनं मनाशी ठरवलं, आणि ते इतकं शहाणपणाचं वाटलं की तिला शांत झोपही लागली.

आठवड्यानं ती कट्ट्यावर गेली. बाकीच्या म्हशींपाशी पेले घेऊन माणसं उभी होती. बयाबाईची म्हैस टोकाला, एकटी. कास तटतटलेली. संयोगितानं पुढं होऊन पेला मागितला. बयाबाईनं धार काढली, पेला हातात दिला.

"तुमी तरी आलासा, वैनी," ती म्हणाली. आणि उगीच वाटावं इतका वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

संयोगितानं दूध संपवलं. मिशी पुसावी तसे ओठ पुसले. पैसे दिले आणि घराची वाट धरली.

चैत्र लागल्यावर एका सकाळी खळगा रिकामा दिसला. दुर्बीण फिरवली, तर पाणकणसाच्या कडेला खड्याएवढी चार पिल्लं टिटवीच्या मागं धावत होती. तिनं घाई केली नाही, पोटभर बघितलं. त्याच संध्याकाळी ती कट्ट्यावर जाऊन उभी राहिली. आकाराम वस्ताद बाकावर बसला होता, पोरं भोवती.

"वस्ताद, तो उतारा मी ठेवलेला. टिटवीच्या अंड्यांवर गाड्या जाऊ नयेत म्हणून. बयाबाईचा त्यात काही संबंध नाही."

पोरांनी वस्तादाकडं पाहिलं. मग वस्ताद हळू आवाजात म्हणाला, "वैनी, तुमचं मन लई मोठं हाय. पर म्हातारीसाठी आपल्या अंगावर कशाला घेतासा?"

"अहो, खरंच मी..."

"शिकल्यासवरल्या बायका लिंबू टोचत्यात व्हय?" एक पोरगा म्हणाला. सगळे मायेनं हसले. कुणीतरी तिला बसायला जागा करून दिली.

तिनं टोकाकडं पाहिलं. बयाबाईची जागा मोकळी होती.

घर शोधत गेली. पत्र्याची खोली, पुढं गोठा. खुंट्याला दावं गुंडाळून ठेवलेलं. बयाबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"म्हैस कुठाय, मावशी?"

"मुरगूडच्या पावण्यास्नी दिली. दूध कोण घेत न्हाई, नुसता चारा किती दिस घालायचा?"

संयोगिता खाली मातीतच बसली. "मावशी, तो उतारा मी ठेवलेला."

"ठावं हाय."

"म्हणजे?"

"बघितलंतं की मी. म्हस घिऊन निघालतो, तुमी पत्रावळ मांडत हुतासा. म्हटलं, शिकलेली बाई काय तरी इचारानंच करत असंल."

"मग तुम्ही बोलला का नाही? तोंड उघडायचं होतं!"

"म्या सांगून कुणाला पटणार हुतं, वैनी?" बयाबाईनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "मला वाटलं, तुमी सांगशीला. त्या दिशी दूध प्याला आलासा, तवा वाटलं, आता सांगत्याल."

संयोगितानं तो खडा उचलून मुठीत धरला.

"पिल्लं झाली न्हवं?" बयाबाईनं विचारलं.

"झाली."

"समदी?"

"चारही."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी संयोगिता सवयीनं तळ्यावर गेली. म्हशीच्या खुरांनी मळलेल्या वाटेवर गवताची पाती डोकं काढू लागली होती. ती कडेला पोचली मात्र, टिटवी ओरडत उठली. पिल्लं होती तिथं मातीशी सपाट झाली. टिटवी पुन्हा पुन्हा संयोगिताच्या डोक्यावरून सूर मारत राहिली, काल सकाळी एका भटक्या कुत्र्यावर मारत होती, तशीच. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली नाही. डोक्यावर पदर घेतला आणि ती मागं फिरली.