दिलीपच्या दारापर्यंत चेन लावून

चहा घ्या. सांगतो, पण माझ्या बायकोला यातलं काही विचारू नका, ती जास्त रंगवून सांगते.

मी आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलं. मोजल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगायचो. असा मी मोजमापात माती खाल्ली. तीही घरात बसून नाही, थेट हिमाचलात जाऊन.

आता आधी दिलीप कोण ते ऐका. दिलीप लासलगावचा. आम्ही दोघं शिकायला नाशकात एका खोलीत राहायचो. एक स्टोव्ह, एक सायकल आणि थंडीत दोघांत मिळून एक स्वेटर. कोर्स संपला, मी नोकरीला लागलो आणि दिलीप वडिलांच्या कांद्याच्या धंद्यात गेला. कांद्याचे ट्रक घेऊन उत्तरेला जायचा, येताना सफरचंदं आणायचा. एका वर्षी ट्रक परत आला, दिलीप आला नाही. हिमाचलातल्या एका सफरचंदवाल्याच्या बहिणीशी लग्न करून तिकडेच राहिला.

अठरा वर्षांपूर्वी लासलगावचं घर विकायला आला होता, तेव्हाची आमची शेवटची भेट. त्यानंतर दरवर्षी पहिला बर्फ पडला की त्याचा फोन यायचा.

"अव्या, बर्फ पडला. येतो का?"

"अरे, आता कसा येणार? रस्ते बंद असतील. उन्हाळ्यात येतो."

उन्हाळ्यात मी काय म्हणायचो? आता येऊन काय बघायचं, बर्फ पडला की जाऊ. असं अठरा वर्षं चाललं. तुम्ही हसताय, पण तुमचाही असा एखादा दिलीप असेल कुठेतरी.

गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर बर्फ दिसला आणि फोन आला नाही. मी आठवडाभर वाट पाहिली. अंघोळीला जाताना मोबाइल बाहेर बायकोच्या हातात देऊन जायचो. डिसेंबर संपत आला तरी फोन नाही.

माझी बायको वैशाली म्हणाली, "कंटाळले असतील. किती वर्षं टोलवायचं माणसाला?"

तिचं ते वाक्य मला फार लागलं. दिलीप मला कंटाळला, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या रात्रीपासून मला खोलीतला स्टोव्ह आठवायला लागला, त्याचं मोठ्यांदा हसणं आठवायला लागलं. आता फोनबिन नाही, थेट जायचं, असं मी ठरवलं. त्याच्या दारात गाडी उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा. अडचण काय तर बर्फाची. तर तीही मिटवून टाकायची.

बर्फावर गाडी घसरू नये म्हणून चाकाला लोखंडी साखळ्यांचं जाळं बांधतात, त्याला स्नो चेन म्हणतात. मोबाइलवर मी त्याचे इतके व्हिडिओ बघितले की वैशाली त्यातल्या माणसांना नावानं ओळखायला लागली. सगळे एकच सांगत होते, चेन टायरच्या मापाचीच पाहिजे. सैल झाली तर निसटते, आखूड असली तर बसतच नाही. माप टायरवर लिहिलेलं असतं, ते वाचायचं.

वाचायला काय हरकत होती? पण माझे गुडघे दुखतात. गाडी पार्किंगमध्ये भिंतीला चिकटून उभी, चाकं चिखलानं भरलेली. मी डोकं चालवलं. डिकीतली स्टेपनी काढली, लिफ्टनं वर नेली, गॅलरीत धुतली आणि खुर्चीवर बसून आरामात माप वाचलं. एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. तीन वेळा वाचलं. वहीत लिहिलं. चेन मागवली.

चेन आली ती चपखल बसली. इतकी चपखल की मला माझाच अभिमान वाटला. मग रोज सकाळी गॅलरीत सराव. वैशाली मोबाइलवर वेळ लावायची. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली, दहाव्या दिवशी सहा. समोरच्या बिल्डिंगमधले कुलकर्णी काका रोज गॅलरीतून बघायचे. शेवटी त्यांनी विचारलं, "अविनाशराव, चाकाला पैंजण घालताय का?"

"बर्फात निघालोय," मी म्हणालो.

"नाशकात बरीच थंडी पडलीये यंदा," असं म्हणून ते आत गेले.

जानेवारीत आम्ही निघालो. डिकीत दोन चेन, चिवडा आणि दिलीपसाठी लासलगावच्या लाल कांद्याची गोणी. चौथ्या दिवशी दुपारी डोंगरातल्या एका वळणावर पोचलो. तिथं चहाचं एक दुकान, त्याच्यापुढे रस्ता वर चढत गेलेला आणि सगळा पांढरा. मोबाइल म्हणत होता, दिलीपचं गाव नऊ किलोमीटर.

ज्या क्षणासाठी दहा दिवस घाम गाळला तो हाच. मी हातमोजे घातले, चेन काढली, पुढच्या चाकावर टाकली आणि आकडा अडकवायला गेलो. आकडा पोचेना. वीतभर कमी. मी ओढली, झटकली, काढून उलटी घातली. चाकातली हवा सोडून बघितली. तरी वीतभर कमीच.

वैशाली शाल गुंडाळून शेजारी उभी होती. ती खाली वाकली, बोटानं चाकावरचा बर्फ पुसला आणि वाचायला लागली. "अहो, इथं दोनशे पाच लिहिलंय. साठ. सोळा."

आता तुम्हाला कळलं असेल. मला कळायला दोन मिनिटं लागली. गाडी मी जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं हौसेनं चारही चाकं मोठी बसवून घेतली होती आणि स्टेपनी मात्र कंपनीची, लहान, तशीच ठेवली होती. म्हणजे नाशिकपासून ती महागडी चेन मी अशा एकुलत्या एका चाकासाठी आणली होती, जे रस्त्याला लागतच नाही.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण माझ्यातला फिटर जागा झाला. स्टेपनीला बसते ना? मग स्टेपनीच पुढे लावू. जॅक लावला, एका बाजूला स्टेपनी चढवली, तिला चेन घातली. सहा मिनिटांत. गाडी सुरू केली. दहा फूट सरळ गेली, मग वळली आणि दुकानाच्या सरपणात अलगद नाक खुपसून थांबली.

दुकानदार चहाचा ग्लास हातात घेऊन बाहेर आला. चाकांकडे बघून शांतपणे म्हणाला, "साब, बाकी तीन का क्या?"

मग मात्र माझा धीर सुटला. अठरा वर्षांनी आलो आणि नऊ किलोमीटरवर अडकलो. मी गाडीत बसून दिलीपला फोन लावला. तिकडून त्याचाच आवाज आला, थोडा जाड झालेला.

"हां जी, कौन?"

कौन. ज्याच्याबरोबर एका स्वेटरमध्ये थंडी काढली तो मला कौन म्हणतो. वैशालीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा कसाबसा म्हणालो, "दिल्या, मी अव्या."

पलीकडून हळूच आवाज आला. "कुठून बोलतो रे?"

मी दुकानाचं वर्णन केलं. सरपणाचंही केलं.

"थांब तिथंच. हलू नको."

आम्हाला वाटलं तासभर तरी लागेल. दुसरा चहा संपायच्या आत दुकानाच्या मागच्या पायवाटेनं एक माणूस उतरताना दिसला. गमबूट, कानटोपी, पांढरी दाढी. चालणं मात्र तेच, एक खांदा पाडून. मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते चार दिवस गाडीत घोकलं होतं, ते पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं.

तो आधी माझ्याजवळ आलाच नाही. गाडीजवळ गेला, वाकला आणि चाक बघितलं.

"हे काय हाय?"

"चेन."

"एकाच चाकाला?"

"ज्याला बसली त्याला लावली."

तो हसायला लागला. तेच हसणं, खोली दणाणून सोडणारं. हसता हसता त्यानं मला धरलं आणि मग बराच वेळ सोडलं नाही.

"चला, घरी चला," शेवटी तो म्हणाला.

"गाडी कशी काढायची पण? नऊ किलोमीटर आहे अजून."

"ते गाडीच्या रस्त्यानं, पार डोंगराला वळसा घालून. थंडीत त्या रस्त्यानं गाडी कोण नेतंय? आम्ही समदे गाड्या इथं लावतो अन् पायी जातो. हे बघ, वरती ते हिरवं छप्पर दिसतंय ना? वीस मिन्टं."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं.

दिलीपनं डिकी उघडली, गोणीला नाक लावून डोळे मिटले आणि गोणी खांद्यावर टाकली. आम्ही त्याच्या मागून चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर मला राहवेना.

"दिल्या, रागावलास ना माझ्यावर? यंदा फोन केला नाहीस."

"राग कसला? मोबाइल पडला ना बर्फात, नोव्हेंबरात. समदे नंबर गेले. तुझा कुठं पाठ होता मला? लय जीव तळमळला, पण करणार काय?" तो चालता चालता थांबला आणि मागे वळला. "माझा नंबर तर तोच हाय. तू का नाय केला?"

मला धाप लागली होती, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. पण वैशालीला धाप लागलेली नव्हती.

"अहो भाऊजी," ती म्हणाली, "ते चेनचं माप घेत होते."