गोधडीचे उघडे कोने

माही पोस्टिंग बॉर्डरवरच्या चौकीवर होती. सकाळी स्टँड-टू, म्हंजे बंदूक घेऊन मोर्च्यावर, मंग चहा, मंग सुभेदार साहेबाच्या शिव्या. मी साहेबाची नक्कल करो. बंकर हसे. साहेब आला की बंकर सावधान.

माह्यापाशी घरची गोधडी होती. आमचं गाव सावलीजवळ. एकाहत्तरच्या लढाईत माहा आजा अन् त्याचा मोठा भाऊ, दोघंही फौजेत. गल्लीतल्या बाया संध्याकाळी आमच्या आंगनात रेडिओपाशी बसत, आपापल्या लुगड्याचे तुकडे जोडून ही गोधडी शिवत. ज्याले लढाईवर धाडलं त्याच्या नावाचा एक कोना उघडा ठेवाचा. तो घरी आला की बायांनी मिळून टाके घालाचे. आजा आला, त्याचा कोना शिवला. मोठा आजा आला नाई. तिसरा कोना माह्या नावानं उसवला होता.

एक दिवस पलटणीच्या सीओ साहेबाचं इन्स्पेक्शन, लगेच मले पेट्रोलवर, म्हंजे गस्तीवर, जायाचं. ड्युटीवरून बंकरात आलो तं दोन्ही कोने बंद!

"उस्ताद, ये क्या किया?"

नाईक जोगिंदर, माहा बडी, म्हंजे जोडीदार, टोपीत सुई खोसून राह्यला होता. "धागे लटक रहे थे. सिल दिया. थँक्यू बोल."

म्हंजे मोठा आजा घरी पोहचला, अन् मी पेट्रोलवर जायाच्या आधीच वापस! त्या वाटेवर कालच फायर आला होता. ब्लेड सापडेना. दातानंच टाके तोडाले बसलो. तेवढ्यात सुभेदार साहेब.

"क्या खा रहा है?"

"गोधडी, साहब!"

"लंगर बंद है क्या?"

सांगितलं सगळं. साहेबानं आपल्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड काढलं.

"पहले बड़े दादाजी का खोल."

इन्स्पेक्शनले सीओ साहेबानं कोन्याकडं बोट केलं. "ये फटा क्यों है?"

"फटा नहीं, साहब," सुभेदार साहेब बोलले. "ये कोने ड्यूटी पर हैं."

दुपारी पेट्रोलवर फायर आला. सगळे वापस आले. जोगिंदर उस्तादनं बंकरात येऊन बूट काढाच्या आधी कोने तपासले.

अग्निवीरची चार वर्षं झाली, घरी आलो. बाया आंगनात बसल्या, माहा कोना शिवला. नवी वहिनी सुई घेऊन मोठ्या आजाच्या कोन्याकडं सरकली. मी सुभेदार साहेबाच्या आवाजात वरडलो, "खबरदार! ये कोना ड्यूटी पर है!"

वहिनीच्या हातची सुई पडली. बाया हसून हसून लोळल्या. आजा पन हसला. मंग त्या कोन्यावर हात ठेवून हळूच बोलला,

"दादा, पोट्टा आला गा वापस."